वाचक विचारतात : जुना गेम, ताजा रंग

प्रश्न : सेगा कंपनीचा 'जेट सेट रेडिओ' हा २००० सालचा गेम अजूनही जुनाट का वाटत नाही?

उत्तर : ड्रीमकास्ट या सेगाच्या गेम-यंत्रावरील त्या काळचे अनेक गेम वास्तवाची हुबेहूब नक्कल करू पाहत होते, स्माइलबिट या सेगाच्याच स्टुडिओच्या चमूने मात्र सेल-शेडिंगचे तंत्र वापरून पात्रांना सपाट, भडक रंग आणि ठसठशीत काळी बाह्यरेषा दिली, आणि नक्कलच केलेली नसल्यामुळे ती शिळी होण्याचा प्रश्न उरला नाही. हिदेकी नागानुमा यांचे तुकड्या-तुकड्यांतून जुळवलेले संगीतही तितकेच टवटवीत आहे.

माझ्या मते खरी गंमत भिंतीपाशी आहे. टोकियोच्या कल्पित रूपातील रस्त्यांवर चाकांचे बूट घालून कठड्यांवरून घसरत रंगाचे डबे गोळा करायचे आणि भिंतींवर चित्रे फवारायची. लहान चित्र एका फवाऱ्यात उमटते, पण मोठ्यासाठी पडद्यावरील बाणांबरहुकूम कंट्रोलरची दांडी अर्धगोल, उलटी, पुन्हा सुलटी फिरवावी लागते, आणि तेवढ्यात पोलीस पाठीशी येऊन ठेपतात. हात स्थिर ठेवण्याची ती धडपड २००२ मध्ये आलेल्या पुढच्या भागात काढून टाकली, याची मला आजही हळहळ वाटते. मूळ गेम २०१२ मध्ये सुधारित चित्रदर्जासह पुन्हा निघाला. सुरुवात त्यानेच करावी.