पेटीत पणजोबांच्या नावचा ब्रिटिशकालीन दस्त सापडला. ती जमीन कुठे आहे, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की आजीच्या पेटीत शके १८३३ चा (म्हणजे इ.स. १९११-१२ चा) मोडीतला स्टॅम्पपेपर निघाला, त्यात पणजोबांचं नाव आहे, गाव सातारा जिल्ह्यातलं आहे, आणि आजोबा मुंबईला गिरणीत लागल्यापासून गावाशी कुणाचा संबंध उरलेला नाही. जमीन कुठे आहे आणि आपली आहे का, असं तुम्हाला विचारायचंय. मी वकील नाही. मोडी वाचतो, आमच्या भावकीचे कागद मीच धुंडाळलेत, नंतर ओळखीच्यांचेही पाहिले. त्यावरून सांगतो.

तहसिलात जाण्याआधी घरीच एक गोष्ट बघा. हा कागद तुमच्या घरात का आहे? खरेदीखताची मूळ प्रत घेणाऱ्याकडे जाते. गहाणखत सावकाराकडे राहतं आणि कर्ज फिटलं की परत मिळतं, बहुधा पाठीवर पैसे पोचल्याचा शेरा मारून. म्हणून पहिल्या चार ओळींत ‘लिहून घेणार’ कोण आणि ‘लिहून देणार’ कोण, ते शोधा. पणजोबा लिहून घेणार असतील तर जमीन त्या दिवशी घरात आली. लिहून देणार असतील आणि मूळ दस्त तुमच्याकडे असेल, तर गहाण सुटलं असण्याचा संभव मोठा. लिहून देणार आहेत आणि हातात नुसती नक्कल आहे, तर तो बहुतेक जमीन गेल्याचाच कागद. लोक अशा नकलाही सोवळ्यात ठेवल्यासारख्या जपतात, आणि नातवंडांना वाटतं घबाड सापडलं.

यात एक मधला प्रकार आहे, मुदत खरेदी. नावाला खरेदीखत, पण आत अट असते की अमुक वर्षांत रक्कम दिली तर जमीन परत. तुमच्या भागात हे फार चालायचं. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, ते याच कर्जांपायी. त्यानंतर १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट रिलीफ ॲक्ट आला आणि कागदावर काय लिहिलंय त्याच्या मागचा व्यवहार तपासणं न्यायालयांवर आलं. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर हे त्याचे मूळ जिल्हे. तेव्हा ‘खरेदी’ हा शब्द दिसला की वाचन तिथेच थांबवू नका, दस्त शेवटपर्यंत वाचून घ्या.

मोडी वाचणारा माणूस शोधायला आता पूर्वीइतका त्रास नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून मोडी जाणकारांना एकदम भाव आलाय. पुण्याच्या पुराभिलेखागारात चौकशी केलीत तर जाणकारांची नावं मिळू शकतील. लिप्यंतर करून घेताना सारांशावर समाधान मानू नका, अक्षर न् अक्षर घ्या. तुम्हाला लागणारी माहिती सारांशात गळते: सर्व्हे नंबर, चतुःसीमा (चारी बाजूंना कुणाची जमीन लागते ते), शेताचं नाव आणि पाठीवरचा नोंदणीचा शिक्का.

चतुःसीमेतल्या शेजाऱ्यांची नावं सोन्यासारखी आहेत. नंबर बदलतात, पण बांधाला बांध लागून असलेली घराणी बऱ्याचदा तीच राहतात. शेताचं नाव असेल, ‘वडाचं’ किंवा ‘थोरलं टेपाड’ असं काही, तर तेही टिपून ठेवा. आजच्या सातबाऱ्यावरही ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो. आडनाव मात्र शोधू नका. त्या काळात बऱ्याचदा ‘राघू बिन सखाराम’ (सखारामचा मुलगा राघू) एवढंच लिहायचे, आणि बाई असेल तर ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ लावून नवऱ्याचं नाव. आडनावावर अडून बसलात तर स्वतःच्याच पणजोबांना ओलांडून पुढे जाल.

आण्यांचाही घोळ होतो. एकाच कागदात आणे तीन ठिकाणी येतात. ‘३ एकर १२ गुंठे ८ आणे’ हे क्षेत्र, इथे गुंठ्याचे सोळा आणे. ‘आकार ४ रुपये ३ आणे’ हा सारा. आणि ‘चार आणे हिस्सा’ म्हणजे रुपयातले चार, अर्थात पाव वाटा. एकाने पाव हिश्श्याचे चार आणे क्षेत्र म्हणून मोजले होते. त्याच्या हिशेबाने पणजोबांकडे अंगणाएवढीही जमीन उरत नव्हती.

आता शोधाकडे येऊ. १९११ पासून पुढे येत बसू नका. जुन्या नंबरावरून आजचा नंबर काढा आणि आजपासून मागे जा. सातारा जिल्ह्यातल्या गावांत बहुतेक ठिकाणी गटवारी झालीय. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली जुने सर्व्हे नंबर मोडून गट नंबर पडले. कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात कळतं. गावाकडे त्याला मोजणी ऑफिस म्हणतात. तिथे एकत्रीकरण योजनेचा, म्हणजे नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा मागा. पोटहिस्से पडले असतील तर आकारफोड पत्रक आणि फाळणी नकाशाही तिथेच मिळेल.

गट नंबर मिळाला की आजचा सातबारा घ्या. नावांशेजारी कंसात आकडे असतात, ते फेरफारांचे, म्हणजे नावात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, नंबर. एकेक फेरफार काढा. प्रत्येकात आधीच्या नोंदीचा धागा असतो, तो धरून हक्कनोंदणी सुरू झाली तिथपर्यंत जाता येतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. गावोगाव ती प्रत्यक्षात वेगवेगळ्या वर्षी पोचली. जुने फेरफार तहसिलातल्या रेकॉर्ड रूममध्ये असतात, काही जिल्ह्यांचे स्कॅन होऊन ऑनलाइनही आलेत. ‘रेकॉर्ड जीर्ण आहे, नक्कल मिळणार नाही’ असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा. लेखी द्यायचं म्हटलं की कधी कधी रेकॉर्ड सापडतंही.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त लक्ष द्यावंसं वाटतं ते ‘ए.कु.मॅ.’ या तीन अक्षरांकडे. एकत्र कुटुंब मॅनेजर. खातेदार वारला की वारसनोंदीत थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागायचं आणि पुढे ही अक्षरं. बाकीचे भाऊ मुंबईत, सातबाऱ्यावर त्यांचा पत्ता नाही. पुढच्या पिढीत थोरल्याची मुलं वारस म्हणून लागली, कारकुनाने उतरवून घेताना ‘ए.कु.मॅ.’ गाळलं, आणि सामाईक रान कागदावर एका घराचं झालं. यात दर वेळी लबाडी असते असं नाही. कधी भाऊच म्हणालेला असतो, तुझंच नाव राहू दे. पण तुमच्या आजोबांचं नाव आज दिसत नसेल तर ते नेमकं कुठल्या फेरफाराला गळलं, हे पाहिल्याशिवाय चुलत्यांवर आरोप करू नका. तसंच ‘अ.पा.क.’ दिसलं तर तो वारस तेव्हा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होता, त्याच्या वतीने पालन करणारा कोण ते पुढे लिहिलेलं असतं. वंशावळ जुळवताना वयाचा अंदाज यावरून लागतो.

दुसरी शक्यता कुळकायद्याची. मालक मुंबईत आणि जमीन दुसरा कसतोय, अशा जमिनींत १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळालाच कायद्याने खरेदीदार मानलं गेलं. फेरफारात ‘३२ ग’ हे कुळकायद्याचं कलम दिसलं तर त्या खरेदीची किंमत ठरवल्याची ती नोंद. मालक विधवा किंवा अज्ञान असेल तर ही तारीख पुढे ढकलली जायची, तेवढं तपासा. आमच्या एका नंबराचा शोध या ३२ ग पाशीच संपला, आणि ज्याने तीस वर्षं ते रान कसलं त्याच्याकडे ते गेलं याचं मला तरी वाईट वाटलं नाही.

दस्ताच्या पाठीवर नोंदणीचा शिक्का असेल तर बुक नंबर, अनुक्रमांक आणि पान घेऊन दुय्यम निबंधकाकडे जा. जुनी बुकं कधी जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलेली असतात. स्थावराचं बुक नंबर १ कुणालाही पाहता येतं, नक्कलही मिळते, नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे. ‘तुम्ही कोण लागता’ हा प्रश्न तिथे गैरलागू आहे. शिक्का नसेल तर रक्कम बघा. शंभर रुपयांच्या आतल्या खरेदीला नोंदणीची सक्ती नव्हती, त्यामुळे ९९ रुपयांचे व्यवहार दिसले तर नवल वाटू देऊ नका.

हे वाचणारं कुणी मराठवाड्यातलं असेल तर त्यांची वाट वेगळी: निजामाच्या काळचे कागद उर्दूत, साल फसली (५९० मिळवा म्हणजे इसवी सन येतो), आणि मुख्य आधार १९५४-५५ च्या खासरा पाहणीचा.

‘आपली आहे का’ याचं उत्तर मी देणार नाही. सातबारा हा महसुलाचा कागद, त्यावरून मालकी ठरत नाही, आणि बारा वर्षांच्या विरुद्ध कब्जाचा (इतकी वर्षं उघड ताबा आमचाच, म्हणून जमीन आमची, असा) मुद्दा समोरचा काढणारच. कब्जेगहाण, म्हणजे जमिनीचा ताबाच सावकाराला देऊन केलेलं गहाण, निघालं तर मात्र गोष्ट वेगळी. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर असं गहाण सोडवून घेण्याची मुदत दस्ताच्या तारखेपासून मोजत नाहीत. फेरफारांची साखळी पूर्ण करून मगच दिवाणी वकिलाकडे जा, नाहीतर साखळी जोडायची फीही तुम्हीच द्याल.

दस्ताच्या पाठीचा फोटो इथे टाकलात, नावं झाकून, तर शिक्क्यावरचं मी वाचून देईन.