चुलतभावाने गडगा सरकवला. ख्रिस्ती माणसाने त्याची वाट अडवावी का?

तुम्ही लिहिलंय की चुलतभावाने गडगा, म्हणजे हद्दीवरचा दगडी बांध, सरकवून तुमची हापूसची दोन कलमं आपल्या बाजूला घेतली, वर चारचौघांत तुमचा पाणउतारा केला. त्याच्या घराकडची वाट तुमच्या जमिनीतून जाते, ती बंद करा असं घरचे म्हणतात. ख्रिस्ती म्हणून काय करावं, हा तुमचा प्रश्न.

वाट अडवू नका. पण गप्पही बसू नका. मी वेंगुर्ल्याकडचा, भावकीतले असे तंटे लहानपणापासून बघत आलोय. ‘दुसरा गाल पुढे कर’ हे वचन दुबळ्याचं तोंड बंद करायला वापरतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

येशूने सांगितलंय ते अपमानाची परतफेड न करण्याबद्दल. अन्यायाला अन्याय म्हणू नकोस, असं तो कुठेच सांगत नाही. महायाजकापुढे शिपायाने त्याला चपराक मारली, तेव्हा त्याने हात उचलला नाही, पण जाब विचारला: मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, नाहीतर मला का मारतोस? (योहान १८:२३). आणि शेजाऱ्याच्या शेताची सीमा सरकवणाऱ्याला तर बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात शापच आहे. म्हणजे तुमची तक्रार खोटी नाही.

येशूचा प्रेषित पौल रोमकरांस पत्रात (१२:१९-२०) म्हणतो, सूड स्वतः घेऊ नका, तो देवावर सोडा. वैरी भुकेला असेल तर त्याला खायला द्या. हाच पौल स्वतःवर अन्याय झाला तेव्हा कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागतो. तसंच जमिनीची सरकारी मोजणी मागणं म्हणजे आपलं ते परत मागणं. वाट अडवून एकही कलम परत येणार नाही, फक्त त्याच्या घरची म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं अडतील. सूड तो हाच. (शिवाय १९०६च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तो वाट मोकळी करून मागायला तहसीलदारांकडे गेला, तर जाब तुम्हालाच द्यावा लागेल.)

आधी एकट्याने त्याच्याकडे जा. नाही ऐकलं तर एकदोन माणसं घेऊन जा, मग चर्चमधल्या वडीलधाऱ्यांपुढे विषय काढा. हा क्रम मत्तयच्या १८व्या अध्यायातला आहे. भावाभावांनी उठून कोर्टात जाऊ नये, असं पौलाने करिंथकरांना बजावलंय, म्हणून ही पायरी चुकवू नका. तरीही गडगा हलला नाही, तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा.

क्षमा मात्र एका प्रार्थनेत उरकत नाही. हंगामात तुमच्याच कलमांचा हापूस त्याच्या पेट्यांत भरलेला दिसेल आणि राग पुन्हा उसळेल. तेव्हा पुन्हा क्षमा करायची. येशूचा शिष्य पेत्र याने सात वेळा क्षमा केली तर पुरे का असं विचारलं होतं. येशूने सातावर थांबू दिलं नाही.

मोजणीची नोटीस त्याच्या घरी जाईलच. ती पोचायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन त्याला सांगा.