दोन घड्याळं आणि चार महिन्यांची घालमेल

"मॅडम, मला दोन घड्याळांपैकी एक निवडता येत नाहीये, यासाठी कोणी समुपदेशकाकडे येतं का हो?" असं एका गृहस्थांनी बसता बसताच विचारलं. येतात, खूप लोक येतात, कोणाचं घड्याळ असतं, कोणाचा फ्लॅट, कोणाची मुलाची शाळा. (त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय.)

वय चाळिशीच्या पुढे, चाकणच्या एका कारखान्यात प्रॉडक्शनला. प्रमोशन झालं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी भारी घ्यायचं ठरवलं. एक जपानी सेको कंपनीच्या प्रेसाज मालिकेतलं, पांढऱ्या इनॅमल डायलचं, लाखाच्या घरातलं. दुसरं चिनी सीगल कंपनीचं 1963 नावाचं, जुन्या पद्धतीचं क्रोनोग्राफ (म्हणजे स्टॉपवॉचसारखी वेळही मोजणारं), त्यापेक्षा बरंच स्वस्त. चार महिने रोज रात्री एक एक वाजेपर्यंत व्हिडिओ, आणि घरी विषय काढला की बायको उठून आत जाते.

मी म्हटलं मला घड्याळातलं फारसं कळत नाही, तुम्हीच सांगा, आणि तो माणूस एकदम खुलला. इनॅमल म्हणजे धातूच्या चकतीवर काचेची पूड घालून साधारण 800 अंशाला भट्टीत भाजायची, परत थर द्यायचा, परत भाजायचं, जरा डाग दिसला की चकती बाद. रंग पिढ्यानपिढ्या उडत नाही पण जोरात आपटलं तर तडा जाऊ शकतो आणि तो काही बुजवता येत नाही. फोनवर फोटो मोठा करून दाखवला, काटे जिथे बसतात त्या भोकापाशी पांढरा रंग किंचित आत वळलेला, "छपाईच्या डायलला हे नसतं" म्हणाले. मग सीगल. त्याच्या आतली मशीन व्हीनस 175 नावाच्या मूळच्या स्विस मशीनवरून आलेली, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला चीनने ती यंत्रसामग्री विकत घेऊन हवाईदलाच्या पायलटांसाठी घड्याळं बनवली. रोज हाताने चावी द्यायची, बटण दाबलं की सेकंद काटा सुटतो, परत दाबलं की थांबतो. भाग जास्त म्हणून सर्व्हिसिंग महाग आणि ते जमणारा कारागीर शोधावा लागतो.

मला तेव्हाच जाणवलं की माहिती कमी पडतेय असं अजिबात नाहीये, उलट नको इतकी झालीये. हर्बर्ट सायमन नावाच्या शास्त्रज्ञाने 1956 मध्येच मांडलं होतं की माणूस सगळ्यात उत्तम पर्याय शोधू शकत नाही, तो पुरेसा चांगला मिळाला की थांबतो. हे थांबणंच त्यांना जमत नव्हतं. का ते खोदल्यावर निघालं की आई एकदा म्हणाली होती, "एवढ्या पैशात सोनं आलं असतं." म्हणजे घ्यायचंच तर निवड अशी हवी की पुढे कोणी बोट ठेवू नये, आणि अशी निवड जगात नसते हो.

म्हणून फायदे-तोटे लिहायला सांगितलंच नाही, ते त्यांनी एक्सेलमध्ये केलेलंच होतं. सांगितलं की एक आठवडा इनॅमल घेऊन झालंय असं धरून जगा, पुढचा आठवडा क्रोनोग्राफ, व्हिडिओ बंद, आणि रोज रात्री दोनच ओळी लिहा, आज ते हातात असतं तर कुठे आठवलं असतं.

पहिल्या आठवड्याच्या ओळी वाचताना मला वाईट वाटलं. "मशीनजवळ जाताना काढून खिशात ठेवलं असतं." "बाईकवर नको." "लग्नाला घातलं असतं." दुसऱ्या आठवड्यात मात्र "सायकल टाइम बघायला बटण दाबलं असतं, 42 सेकंद" (म्हणजे कारखान्यात एका फेरीला लागणारा वेळ), "मुलीच्या पळण्याची वेळ घेतली असती." मी फक्त दोन्ही कागद शेजारी ठेवले, ते बराच वेळ वाचत बसले आणि म्हणाले, "इनॅमल मला बघायला आवडतं, घालायची भीती वाटते."

क्रोनोग्राफ घेतलं त्यांनी. इनॅमलचे फोटो अजूनही बघतात आणि त्यात काहीच बिघडलेलं नाही, न घेतलेल्या वस्तूची हुरहुर राहतेच, ती आली म्हणजे निवड चुकली असं धरू नका. आईला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, किंमतीसकट, मला विचाराल तर घड्याळ घेण्यापेक्षा अवघड काम ते होतं.

तुमचंही असंच अडकलं असेल तर हे दोन आठवडे करून बघा, निर्णयाची तारीख मात्र आधीच ठरवा. पण झोप उडालीये, भाजी घेण्यापासून नोकरीपर्यंत प्रत्येक निर्णयाला असंच होतंय, छातीत धडधडतंय, तर मग ते घड्याळापुरतं नाही, कोणाशी तरी बोला. सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.