नऊ दिवस आणि एकटा जॉर्जिया

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बेत काल रात्री नकाशा समोर ठेवून वाचला. नऊ दिवसांत जॉर्जिया, आर्मेनिया आणि अझरबैजान असे तिन्ही देश उरकण्याचा तुझा विचार उत्साहाचा आहे, पण त्यातला मोठा हिस्सा सीमेवरच्या रांगा, बसस्थानके आणि विमानतळच खाऊन टाकतील. अझरबैजानने जमिनीवरच्या सीमा 2020 साली प्रवाशांसाठी बंद केल्या, आणि आर्मेनिया-अझरबैजान सीमा तर तीसहून अधिक वर्षे बंदच राहिली. तेव्हा नकाशावर खेटून बसलेले हे शेजारी प्रत्यक्षात एकमेकांच्या अंगणात जाऊ देतातच असे नाही. मीही पहिल्या खेपेला आठ दिवसांत दोन देश आणि पाच गावे असा हट्ट धरला होता. परतल्यावर आठवत होत्या त्या गाडीच्या खिडक्या आणि रोज रात्री नव्याने भरलेली बॅग. म्हणून माझे सांगणे एवढेच की जॉर्जिया एकटाच घे, आणि त्यातही राजधानी तिबिलिसीत एकच खोली घेऊन तिथूनच रोज बाहेर पड.

हा देश आकाराने महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहूनही लहान आहे आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे चालते, त्यामुळे झोपेची घडी बसवण्यात दिवस जात नाही. जुनी राजधानी म्त्सखेता तिबिलिसीपासून जेमतेम वीस किलोमीटरवर आहे. तिथले अकराव्या शतकातले स्वेतित्सखोवेली कॅथेड्रल आणि समोरच्या टेकडीवरचा सहाव्या शतकातला ज्वारी मठ अर्ध्या दिवसात निवांत पाहून होतात. या देवळांत स्त्रिया डोके झाकून जातात, म्हणून ओढणी बॅगेच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेव. दूर डोंगरातल्या मेस्तिया गावाचे जुने दगडी मनोरे मात्र या खेपेला सोडून दे. तिथे जाण्या-येण्यातच दोन दिवस संपतात.

उत्तरेच्या डोंगरातल्या काझबेगी गावाला, म्हणजे आजच्या स्तेपान्त्समिंडाला, जरूर जा. तिबिलिसीच्या दिदुबे स्थानकावरून मार्शरुत्का सुटते. ही आपल्या वडापची सख्खी बहीण, गाडी भरली की निघणार, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचलेले बरे. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर असले तरी रस्ता सुमारे चोवीसशे मीटर उंचीची खिंड ओलांडतो, आणि तोच रस्ता पुढे रशियात जात असल्यामुळे मालट्रकांच्या रांगा लागतात. मार्चमध्ये एकदा बर्फामुळे खिंड बंद झाली आणि मला वरच एक रात्र जास्त काढावी लागली. त्यामुळे ही सफर परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नकोस, पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरकून घे. 2170 मीटरवरचे गेर्गेतीचे देऊळ गावातून वर बघितले तर काडेपेटीएवढे दिसते. वरपर्यंत गाडी जाते, पण पाय धड असतील तर चालतच चढ.

पूर्वेकडच्या काखेती प्रांतासाठी मी दोन दिवस देईन. लोक तिथे वाइनसाठी जातात, आणि ती पाहण्यासारखी गोष्ट आहेच: गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले मातीचे रांजण, ज्यांना ते क्वेव्री म्हणतात, आणि त्यात सालीबियांसकट मुरत ठेवलेला द्राक्षांचा रस. या पद्धतीला 2013 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तुला वाइन घ्यायची नसली तरी त्या रांजणघरातला ओल्या मातीचा आणि आंबूस फळाचा वास घेऊन ये.

पण काखेतीला जाण्याचे माझे खरे कारण वेगळे आहे. इथली राणी केतेवान हिने धर्म सोडायला नकार दिला, म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या हुकुमाने 1624 साली शिराझमध्ये तिचा छळ करून वध करण्यात आला. तिच्या काही अस्थी ऑगस्टिनियन पाद्र्यांनी थेट गोव्याला आणल्या. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या भग्नावशेषांत, त्या एकट्या उरलेल्या उंच मनोऱ्याजवळ, पुरातत्त्व खात्याला एक हाड सापडले. हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या डीएनए तपासणीने ते तिचेच असावे या मताला बळ दिले, आणि जुलै 2021 मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी अस्थींचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. तुझी मावशी म्हापशाला राहते ना? तर आधी तो मनोरा पाहा आणि मग काखेती. भारतातून आलो असे म्हणण्याऐवजी गोव्याचे नाव घेऊन केतेवानचा विषय काढलास, तर बोलणे कुठल्या कुठे जाईल.

जेवणाची काळजी तुझ्या आईला जास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ‘समार्ख्वो’ हा एक शब्द पाठ कर. तो तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाचा शब्द आहे आणि त्या जेवणात मांस, दूध, अंडे यांपैकी काहीच नसते. मातीच्या भांड्यात शिजवलेला राजम्यासारखा लोबियो आणि अक्रोडाचे वाटण भरलेली वांगी यांवर आठवडा सुखाने निघतो. खिंकाली ताटात आली की तुला उकडीचे मोदकच आठवतील, पण त्यात बहुधा मांस असते. बटाट्याची किंवा अळंबीची माग. शेंडी चिमटीत धरायची, उलटी करून खायची आणि ती जाड शेंडी ताटातच सोडायची. आणखी एक गंमत अशी की त्यांच्या भाषेत वडिलांना ‘मामा’ म्हणतात, तेव्हा बसमध्ये पोर ‘मामा’ म्हणून हाक मारू लागले तर नाते लावण्यात घोटाळा करू नकोस.

व्हिसाचे नियम बदलत असतात. ते एजंटाच्या तोंडून न ऐकता जॉर्जिया सरकारच्या ई-व्हिसाच्या संकेतस्थळावर स्वतः वाच. परतीचे तिकीट, मुक्कामाचे आरक्षण आणि विमा यांच्या छापील प्रती हातात ठेव, कारण प्रवेशाच्या खिडकीवर अधिकारी प्रश्न विचारतो तेव्हा नेमकी मोबाइलची बॅटरी गेलेली असते. तिबिलिसीची बरीच विमाने अपरात्री उतरतात आणि सुटतात; पहाटे चारला पोहोचणार असशील तर खोली आदल्या रात्रीपासूनच घे, नाहीतर दुपारी दोनपर्यंत बॅगेवर बसून राहावे लागेल. त्या पहिल्या दिवशी तिबिलिसीतल्या आबानोतुबानी या स्नानगृहांच्या भागात गंधकाच्या गरम पाण्यात तासभर बसण्यापलीकडे काही ठरवू नकोस.

तिकीट काढण्यापूर्वी तारखा मला कळव. मार्चच्या असतील तर बदलायला सांगेन.

तुझा,
काका