न खुडताच भरपूर फांद्या देणारं तुरीचं बियाणं का निघत नाही?

भाऊ, शेंडा खुडल्यावर तुरीला फांद्या फुटतातच, मग न खुडता तशाच फुटणारं बियाणं का काढत नाहीत, असा तुमचा प्रश्न आहे. फांद्या आवरणारी जनुकं आता बरीच माहीत आहेत, पण ती साफ बंद करणं पिकाला परवडत नाही.

प्रत्येक पानाच्या बगलेत डोळा असतोच. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक (वाढ चालवणारं रसायन) खोडातून खाली उतरतं. ते डोळ्यात शिरत नाही, पण खोडात स्ट्रायगोलॅक्टोन हे दुसरं संप्रेरक वाढवतं आणि डोळे फुटवणारं सायटोकायनिन घटवतं. स्ट्रायगोलॅक्टोन फांद्या रोखतं हे २००८ साली वाटाणा आणि भातात दिसून आलं. त्याच्या जोरावर डोळ्यातलं बीआरसी-१ जनुक चालू राहतं आणि डोळा झोपून राहतो. शेंडा खुडला की हा दाब सुटतो, शिवाय शेंडा ओढत होता ती साखर डोळ्यांना मिळते.

जनुकात बिघाड झाल्यानं स्ट्रायगोलॅक्टोन न बनवणारी वाटाण्याची झाडं आहेत. त्यांना फांद्याच फांद्या, पण झाड बुटकं. मक्यात तर माणसानं उलटी निवड केली: झुडपासारख्या फुटणाऱ्या टिओसिंटे या मक्याच्या रानटी पूर्वजापासून टीबी-१ (बीआरसी-१ चंच मक्यातलं रूप) जनुक जोरात चालणारी झाडं राखली, म्हणून आज एकच धांडा आणि मोठं कणीस.

म्हणून मी बियाण्याआधी अंतर पाहायला सांगेन. दाटीत पानांतून गाळून आलेल्या उजेडात लाल भाग कमी उरतो, झाडाला शेजारी कळतो आणि बीआरसी-१ वाढतं. मग चांगला वाणही काठीसारखा सरळ वर जातो. विरळणी वेळेत करा, एका जागी एकच झाड ठेवा. स्फुरद कमी पडलं तरी स्ट्रायगोलॅक्टोन वाढतं. एकरी डीएपीची एक बॅग पेरतानाच बियाण्याखाली द्या. स्फुरद जमिनीत फारसं सरकत नाही, वरून फेकलेलं मुळापर्यंत पोचत नाही.

खुडणी पेरणीनंतर ४५ ते ५० दिवसांनी करा, वरचा ५-६ सेंमी कोवळा भागच, आणि उघाड पाहून. ओल्या जखमेतून बुरशी शिरते. पाणी साचून पिवळ्या पडलेल्या झाडाला हात लावू नका, फुटायला त्याच्याकडे ताकद नसते. कळ्या दिसल्यावर तर खुडूच नये: नव्या फांद्यांचा फुलोरा मागे पडतो आणि हलक्या रानात शेंगा भरायच्या आतच ओल संपते. काही लवकर येणाऱ्या वाणांत शेंड्यावरच फुलोरा येऊन वाढ थांबते. त्यांना खुडणीची गरजच नाही.