सगळ्या घराला एकच पुडी नको

सासूबाईंना थकवा आणि पायाला मुंग्या, म्हणून केमिस्टने मल्टिव्हिटॅमिन आणि व्हिटॅमिन डी३ च्या पुड्या दिल्या. आता घरात सगळ्यांनाच सुरू करू का, असं विचारलंयत. सगळ्यांना नको. सासूबाईंनाही आधी रक्त तपासून मगच.

त्या शाकाहारी आहेत आणि बरीच वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेतायत, त्यामुळे माझा पहिला संशय व्हिटॅमिन बी१२ च्या कमतरतेवर. शाकाहारात ते दूध-दह्यातून मिळेल तेवढंच, त्यात या गोळीने शोषणही कमी होतं. मुंग्या मधुमेहानेही येतात, म्हणून अंदाज नको. बी१२ आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) या तपासण्या गोळ्या सुरू करायच्या आधी करा. नंतर आकडा वर दिसतो आणि काही कळत नाही. कमतरता निघाली तर गोळ्या-इंजेक्शनचा फायदा नक्की होतो. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडवर मात्र राहू नका. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

आता ती डी३ ची पुडी. पाकिटावर बघा, 60,000 आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) असेल. मोठ्या माणसाची रोजची गरज 600 धरतात, म्हणजे एका पुडीत 100 दिवसांचा ऐवज! डॉक्टर ती साधारण आठवड्याला एक, तीही काही आठवडेच देतात. रोज दुधात घालून पिणारे लोक मी पाहिलेत. जास्तीचं डी लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठतं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, पुढे किडनीला त्रास.

मुंबईत एवढं ऊन असून डी कमी कसं? ऑफिसच्या काचेतून आलेलं ऊन त्यासाठी बिनकामाचं. शिवाजी पार्कला पहाटे मारलेल्या फेऱ्यांनी पाय मोकळे होतात, डी फारसं मिळत नाही. सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन लागतं.

मिस्टरांच्या ‘नसांच्या गोळ्यां’ची स्ट्रिप उलटी करून बी६ किती मिलिग्रॅम आहे ते वाचा. जास्त मात्रा महिनोन्‌महिने घेतली तर त्यानेच हातपाय बधिर होतात. तुमच्या केसांच्या गोळीत बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असणार. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

जाऊबाई बाळाचा विचार करतायत, त्यांनी फॉलिक अ‍ॅसिड आतापासूनच घ्यावं, रोज 400 मायक्रोग्रॅम. पण व्हिटॅमिन ए भरपूर असलेली गोळी त्यांनी टाळावी, गर्भाला धोका असतो. मुलगा डबा संपवून येतो म्हणताय, त्याला कशाला गोळ्या?