फाइलमध्ये सात सर्टिफिकेटं, मग अडतंय कुठे?

"मॅडम, आता कुठलं करू?"

खुर्चीत नीट टेकायच्या आतच त्याने विचारलं आणि निळी चेनवाली फाइल माझ्यासमोर सरकवली. आत प्लास्टिकचे कप्पे. दहावी-बारावीच्या मार्कशीटसाठी आपल्याकडे घरोघरी असते तसली. मार्कशीट मागे होत्या, पुढे सात सर्टिफिकेटं. त्यातली दोन लॅमिनेट केलेली.

वय 29, सोलापूरकडचा, पुण्यात सहा वर्षं एका मोठ्या आयटी कंपनीत. जावा डेव्हलपर म्हणून घेतलं होतं, पण पहिल्या वर्षानंतर सपोर्ट प्रोजेक्टवर टाकलं आणि तिथेच राहिला. तिकिटं, म्हणजे आलेल्या तक्रारी, सोडवायची, आठवड्याआड रात्रीचं ऑन-कॉल, म्हणजे फोन आला की उठायचं. सोबत बायको आणि तिच्या मांडीवर दीड वर्षाचा मुलगा. ती गप्प होती, मुलगा माझ्या पेनस्टँडकडे बघत होता. (ओळख लपवण्यासाठी तपशील थोडे बदलले आहेत. दोघांनीही लिहायला होकार दिला आहे.)

मी करिअर समुपदेशक. सॉफ्टवेअरवाल्यांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच असतो: कुठलं सर्टिफिकेशन केलं की स्विच होईल, म्हणजे दुसरी नोकरी मिळेल, पॅकेज वाढेल? याच्या डोक्यात ॲमेझॉनच्या क्लाउडचं (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर वगैरे) 'सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट' होतं. शिवाय एका क्लासने तीन सर्टिफिकेशन आणि 'प्लेसमेंट असिस्टन्स' असं पॅकेज दिलं होतं, 68 हजारांचं. ईएमआयची सोय होती. तेवढं सोनं मोडायचं की ईएमआय घ्यायचा, असा घरात वाद चालू होता. बायको का आली होती ते इथे कळलं.

मी फाइलमधली पानं काढून टेबलावर दोन गठ्ठे केले. डावीकडे पाच, उजवीकडे दोन. डावीकडची चार ऑनलाइन कोर्स पूर्ण केल्याची आणि एक दोन दिवसांच्या वर्कशॉपचं. उजवीकडे दोन खऱ्या परीक्षा, मायक्रोसॉफ्टची 'ॲझ्युर फंडामेंटल्स' आणि ॲमेझॉनची 'क्लाउड प्रॅक्टिशनर'.

हा फरक फार जण करत नाहीत. कोर्सचं सर्टिफिकेट सांगतं की तुम्ही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले. सर्टिफिकेशन सांगतं की कुणाच्या तरी देखरेखीखाली परीक्षा देऊन तुम्ही पास झालात. पहिलं शिकण्यासाठी उत्तम, पण रेझ्युमेवर एका ओळीपेक्षा जास्त जागा त्याला देऊ नये. आणि उजवीकडची दोन? ती परीक्षा खरी, पण तोंडओळख पातळीची. सेल्सवाले, मॅनेजर यांनीही द्यावी म्हणून बनवलेली. त्यात कोड लिहावा लागत नाही. सहा वर्षांच्या डेव्हलपरच्या रेझ्युमेवर ती सगळ्यात वर, ठळक अक्षरांत होती.

"इंटरव्ह्यू किती झाले?"

"सहा महिन्यांत चार. चारही सेकंड राउंडला अडकले."

"कुठल्या प्रश्नाला अडलात? नेमका प्रश्न सांगा."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "एकाने विचारलं, क्लाउडवर काय चालवलंय? मी ईसीटू, म्हणजे ॲमेझॉनचे भाड्याचे सर्व्हर काय, एसथ्री, म्हणजे फाइल साठवायची जागा काय, ते सांगितलं. तो म्हणाला, ते ठीक आहे, तुमच्या अकाउंटचं महिन्याचं बिल किती यायचं?"

बिल! मला त्या इंटरव्ह्यू घेणाऱ्याचं कौतुक वाटलं. ज्याने खरंच काही चालवलंय, त्याला बिलाचा आकडा पाठ असतो. एखादा सर्व्हर बंद करायला विसरलो आणि मॅनेजरचा मेल आला, ही आठवण असतेच. पुस्तकात ती नसते.

"आणि ती परीक्षा कशी दिलीत?"

आता त्याने मान खाली घातली. "डम्प वाचून. दोन दिवसांत."

डम्प म्हणजे परीक्षेतून फुटलेले प्रश्न. व्हॉट्सॲपवर फिरतात, विकतही मिळतात. ते वापरणं हा परीक्षेच्या कराराचा भंग आहे, सापडलं तर सर्टिफिकेशन रद्द होऊ शकतं. पण मी त्याला रागावले नाही. इंटरव्ह्यूचा डम्प मिळत नाही, याची शिक्षा त्याने चार वेळा भोगली होती.

इथे जरा विषयांतर. समुपदेशनात येण्याआधी मी बारा वर्षं आयटी भरतीत होते. वीस वर्षांपूर्वी रेझ्युमेवर 'एससीजेपी' दिसलं की आम्ही तो बाजूला काढायचो. सनची जावाची परीक्षा होती ती. 2010 मध्ये सन ओरॅकलकडे गेली आणि परीक्षेचं नाव बदललं, तरी पुण्यात लोक बरीच वर्षं एससीजेपीच म्हणायचे. तेव्हा त्याला मान होता, कारण उमेदवाराला कोड येतो की नाही हे बघायला आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. आपला कोड जगाला दाखवता येतो ते गिटहब 2008 मध्ये आलं, घरबसल्या कोडिंग टेस्ट त्याहून उशिरा रुळल्या. आता रेझ्युमे आला की लिंक पाठवून तासाभरात कोड लिहून घेता येतो. मामा-काका अजून त्या जुन्या काळातला सल्ला देतात. त्यांच्या काळात तो बरोबरच होता.

मी त्याला गृहपाठ दिला. तुम्हाला जी नोकरी हवी आहे तिच्या वीस जाहिराती गोळा करा आणि प्रत्येकीत बघा, सर्टिफिकेशन कोण विचारतंय? 'हवंच' लिहिलंय, 'असल्यास प्राधान्य' लिहिलंय, की शब्दच नाही? आणि तोवर क्लासला पैसे भरू नका.

दोन आठवड्यांनी तो एक्सेल शीट घेऊन आला, रंगीत वगैरे. 'हवंच' फक्त दोन ठिकाणी. काहींत प्राधान्य, निम्म्याहून जास्त जाहिरातींत उल्लेखच नाही. आणि ज्या दोघांना हवंच होतं, त्या दोन्ही दुसऱ्यांची कामं घेणाऱ्या सर्व्हिस कंपन्या. असं का, ते त्याला ठाऊक नव्हतं. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांचे पार्टनर प्रोग्रॅम असतात. पार्टनर कंपनीला वरचा दर्जा मिळवायचा तर तिच्याकडे परीक्षा पास झालेली ठरावीक माणसं लागतात. म्हणून अशा कंपन्या स्वतः फी भरतात, अप्रेजलच्या गोल्समध्ये घालतात. त्या परीक्षेचा पहिला फायदा कंपनीला. तुम्हालाही होतो, पण मग खिशातून कशाला भरायची?

तो जरा चिडलाच. "मग करूच नको म्हणताय?"

तसं मी म्हणत नव्हते. सोल्युशन्स आर्किटेक्टची परीक्षा वाईट नाही. 65 प्रश्न, 130 मिनिटं, फी 150 डॉलर आणि वर कर. मनापासून अभ्यास केला तर डोक्यात नकाशा तयार होतो, कुठली गोष्ट कशासाठी असते ते कळतं. पण तीन वर्षांनी ती संपते. मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची तर वर्षानेच, नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट असलं तरी आठवणीने करावं लागतं. कुबरनेटिसची (अनेक सर्व्हरवर ॲप्लिकेशन चालवणारी, सांभाळणारी प्रणाली) सीकेए ही परीक्षा मला जास्त आवडते. दोन तास कमांड टाइप करायचा खरा टर्मिनल समोर, गोष्टी चालवून दाखवायच्या, चार पर्यायांतून टिक करायची सोय नाही. लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीच्या परीक्षांचंही तसंच. सेल्सफोर्स, सॅप, सिक्युरिटी या गल्ल्यांत तर सर्टिफिकेशनशिवाय रेझ्युमे उघडलाही जात नाही असं पुष्कळदा होतं. नुसत्या जावा डेव्हलपरचं तसं नाही.

मग मी विचारलं, "सपोर्टमध्ये तुमच्यामुळे बंद झालेली एखादी कटकट सांगा."

"तसं काही नाही मॅडम. तिकिटं असतात."

"रात्रीचा फोन सगळ्यात जास्त कशासाठी यायचा?"

इथे त्याचा चेहरा बदलला. एका विमा कंपनीचं काम होतं. हप्ता भरायची आठवण पाठवणारा बॅच जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम, रात्री दोनला चालायचा आणि महिन्याच्या सुरुवातीला, रेकॉर्ड वाढले की, मधेच लटकायचा. आधीच्या लोकांनी उपाय लिहून ठेवला होता: रीस्टार्ट करा. यानेही वर्षभर तेच केलं. मग एकदा मुलगा नुकताच झालेला असताना तीन रात्री सलग उठावं लागलं, तेव्हा वैतागून कोड उघडला. रेकॉर्डमध्ये चूक असली की कोड एक्सेप्शनकडे, म्हणजे चूक हाताळायच्या वाटेकडे, वळायचा आणि त्या वाटेवर डेटाबेसचं कनेक्शन बंदच होत नव्हतं. चुकीचे रेकॉर्ड साठले की कनेक्शन पूल, म्हणजे कनेक्शनांचा ठरावीक साठा, संपायचा आणि जॉब तसाच लटकून राहायचा. याने ट्राय-विथ-रिसोर्सेस (काम संपलं की कनेक्शन आपोआप बंद करणारी जावातली सोय) वापरून तेवढा भाग पुन्हा लिहिला, चुकीचे रेकॉर्ड वेगळ्या टेबलात टाकले. त्यानंतर त्या जॉबसाठी फोन आला नाही.

हे सांगताना तो उठून माझ्या पांढऱ्या बोर्डवर चौकोन काढत होता. सहा महिन्यांतल्या चार इंटरव्ह्यूंत यातला एक शब्दही त्याने उच्चारला नव्हता, रेझ्युमेवर तर नव्हताच. का? "ते काय, सपोर्टचं काम," तो म्हणाला.

सर्टिफिकेटांमागे धावणाऱ्या बऱ्याच जणांत मला हे दिसतं. स्वतःच्या कामाला काम म्हणायची लाज वाटते, मग दुसऱ्याचा शिक्का शोधायचा.

आम्ही रेझ्युमे नव्याने लिहिला. वर बॅच जॉब, चार ओळींत: अडचण, कारण, काय केलं, पुढे काय झालं. सर्टिफिकेशन शेवटी, दोनच. घरी क्लाउडच्या फ्री टियरवर, म्हणजे मर्यादेपर्यंत फुकट मिळणाऱ्या भागावर, तसाच एक छोटा बॅच जॉब चालवून बघायचा आणि खर्चाचा अलर्ट आधी लावायचा, हे ठरलं. क्लासचे 68 हजार वाचले.

उठता उठता त्याच्या बायकोने तोंड उघडलं. "मॅडम, आणि मी? मी टेस्टिंगमध्ये होते. चार वर्षांची गॅप झालीय. मी आयएसटीक्यूबी, ते टेस्टिंगचं सर्टिफिकेशन, करू का?"

नवरा हसला. "अगं, आत्ता ऐकलंस ना सगळं?"

पण तिचा प्रश्न वेगळा होता. माझी एक चूक मला इथे आठवली. काही वर्षांपूर्वी अशाच गॅप पडलेल्या एका टेस्टरला मी ऐटीत सांगितलं होतं, कागद नको, काम दाखव. तिच्याकडे दाखवायला ताजं काम नव्हतंच, जुनं काम जुन्या कंपनीच्या कुलपात. तिचा रेझ्युमे पुढे जाईना. शेवटी तिने मला न विचारता परीक्षा दिली आणि नंतर फोन करून सुनावलं, "मॅडम, तुमच्यामुळे आठ महिने गेले." खरं होतं ते. ज्याच्या हातात चालू काम आहे त्याला दिलेला सल्ला मी, हात रिकामे असलेल्या बाईला जसाच्या तसा दिला होता. गॅप असेल तर कागदावरची तारीखच बोलते: ही बाई यंदा अभ्यासाला बसली होती.

मी तिलाही तोच प्रश्न विचारणार होते, कोण विचारतंय? तेवढ्यात तिने मुलाच्या डायपरच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. तीन जाहिराती, तिन्हींत तो शब्द पेनाने अधोरेखित. खाली जुन्या टीम लीडचा नंबर. "त्यांच्याशी बोलून झालंय. त्यांच्या युरोपच्या क्लायंटला टीममध्ये सर्टिफाइड टेस्टर दाखवावे लागतात. फाउंडेशन लेव्हल केलीस तर रेझ्युमे पुढे पाठवते म्हणाल्या."

नवऱ्याने एक्सेल शीटची घडी घातली आणि खिशात ठेवली.

तिच्या परीक्षेला 40 प्रश्न, पास व्हायला 26 बरोबर लागतात. वेळ एक तास, इंग्रजी मातृभाषा नसेल तर 75 मिनिटं. आणि ते सर्टिफिकेट संपत नाही. अभ्यासक्रमाचं पुस्तक संस्थेच्या साइटवर फुकट मिळतं, त्यामुळे क्लासही नको. मुलगा दुपारी झोपला की दीड तास, असं तिने दोन महिने केलं.

त्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. बाहेर नोकरी लगेच नाही मिळाली. पण नवा रेझ्युमे त्याने आपल्याच कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर टाकला आणि तीन महिन्यांनी एका मायग्रेशन प्रोजेक्टवर, म्हणजे जुनी सिस्टिम नव्या जागी हलवायच्या कामावर, गेला. पगार तेवढाच. आर्किटेक्टची परीक्षा आता देणार आहे, व्हाउचर कंपनीचं, आणि यावेळी अभ्यास करून. बिलाचा आकडा पाठ झालाय म्हणतो.

तिच्या परीक्षेच्या दिवशी तो मुलाला घेऊन सेंटरच्या पार्किंगमध्ये थांबला होता. दुपारी मला त्याचा मेसेज आला, "33 बरोबर!" आणि त्याखाली, "मी म्हटलं लॅमिनेट करून आणतो. नको म्हणतेय."